प्रतिसाद: शिरा दिसणं आणि पंप

तुम्ही विचारलंय की मित्राइतकंच वजन उचलूनही तुमच्या शिरा का दिसत नाहीत. मेहनत कमी पडतेय असं अजिबात समजू नका. सगळ्यात मोठा फरक कातडीखालच्या चरबीच्या थराचा. शिवाय कोणाच्या शिरा मुळातच वरवर असतात, कोणाच्या खोल. ते घराण्यातूनच येतं.

पंपचं, म्हणजे व्यायाम करताना स्नायू तात्पुरता फुगण्याचं, गणित वेगळं. सेट (सलग उचलण्याची एक फेरी) चालू असताना धमन्यांतून रक्त जोरात येतं, आकसलेला स्नायू परतीच्या शिरा दाबतो, आणि रक्तातलं पाणी झिरपून स्नायूत उतरतं. स्नायू फुगला की वरच्या शिरा कातडीकडे ढकलल्या जातात. म्हणून एका सेटमध्ये १२-१५ रेप्स (वजन उचलण्याची आवर्तनं) आणि कमी विश्रांतीत पंप जास्त येतो, जड वजनाच्या ३ रेप्समध्ये कमी. उपाशीपोटी, पाणी कमी प्यायल्यावर किंवा थंडीत तोच माणूस सपाट दिसतो.

घरीच बघा: हात खाली सोडा, पंजामागच्या शिरा भरतात, डोक्यावर धरा, काही क्षणांत ओसरतात. शिरा दिसोत वा न दिसोत, ताकद तेवढीच!

मात्र व्यायामानंतर एकच हात सुजून निळसर पडला, दुखू लागला, तर तो पंप नव्हे. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.