एमआरआयमध्ये फार काही नाही, तरी ३ वर्षं पाठ दुखतेय, टेन्शनने खरंच असं होतं का?

निशिगंध_सांगली

नमस्कार, वाचते नेहमी पण लिहितेय पहिल्यांदाच, मोठं झालं तर सांभाळून घ्या. वय ३८, सांगलीत एका सहकारी बँकेत अकाउंट्सला आहे. ३ वर्षांपूर्वी मार्च एंडच्या धावपळीत कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. कंबरेच्या जरा वर डावीकडे दुखतं, कधी दोन खांद्यांच्या मधोमध, म्हणजे जागा पण बदलते. एमआरआयमध्ये एल४-एल५ला (कंबरेतले दोन मणके) "माइल्ड डिस्क बल्ज", म्हणजे मणक्यांमधली चकती जरा बाहेर फुगलीय, एवढंच आलंय. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचं काही नाही, पट्टा लावा, वाकू नका, वजन उचलू नका, खाली बसू नका. पट्टा लावला, १५ दिवस ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणतात ते) घेतलं, शेक, बी-१२ची इंजेक्शनं, डी व्हिटॅमिन, कापसाची गादी, सगळं झालं. प्रत्येक गोष्टीने थोडे दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. मला चूक झालेली सहन होत नाही. दिवसाचा ताळा जुळला तरी मी परत एकदा बघते, मग अजून एकदा, आणि घरी भाजी फोडणीला टाकताना आठवतं की ते व्हाउचर नीट लावलं ना. शाळेत वहीत एक खाडाखोड झाली तर पान फाडून सगळं परत लिहायचे, तेव्हापासूनचं आहे हे.

यंदा गणपतीला सासरी कुडाळला गेलो. एसटीत सहा तासांच्या वर बसले, फोंडा घाटातली वळणं, तरी पाठ दुखली नाही. दुसऱ्या दिवशी पंगतीत वाढायला खाली-वर केलं, तेव्हाही काही नाही. संध्याकाळी आम्ही मोदक करायला बसलो, जावेच्या मोदकांच्या कळ्या मला एकसारख्या वाटेनात, म्हणून मी ते हळूच उघडून परत वळायला लागले, आणि १० मिनिटांत पाठीत तीच जागा, तीच कळ. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "गो, देव काय कळ्यो मोजता?" मी उठून मागच्या पडवीत जाऊन रडले.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. मनामुळे दुखत असेल तर मग मी नाटक करतेय का? मिस्टर म्हणतात तुला तसं वाटतं फक्त. पण मला खरंच दुखतं हो. कुणाला असा अनुभव आहे का?

पायवाट

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात, ११ वर्षं झाली. पहिली गोष्ट, नाटक अजिबात नाही. तुम्हाला दुखतंय म्हणजे दुखतंय.

आधी धोक्याच्या खुणा विचारते कारण त्या सोडून पुढे बोलणं बरोबर नाही. लघवी-शौचावरचा ताबा गेलाय किंवा लघवी अडकतेय, मांड्यांच्या मधला भाग बधिर झालाय, पायातली ताकद कमी होतेय, यातलं काही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जायचं. ताप, विनाकारण वजन उतरणं, रात्री झोपूच न देणारं दुखणं, पूर्वी कॅन्सर किंवा टीबी झालेला असणं, हे असेल तरी डॉक्टरांना लगेच दाखवा, आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही.

यातलं काही नसेल तर तो "बल्ज" हा शब्द डोक्यातून जरा खाली उतरवा. १९९४ साली एक अभ्यास झाला, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना, ५२ टक्क्यांना, कुठेतरी बल्ज होताच. २०१५मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तीन हजारांवर लोक, कुणालाच पाठदुखी नाही, तरी चाळिशीच्या वयात साधारण ५० टक्के लोकांना बल्ज. म्हणजे या वयात केस पांढरे व्हायला लागतात ना, तसंच आहे हे बरंचसं. पण रिपोर्टवर ते छापून येतं आणि आपण त्या दिवसापासून काचेची पाठ असल्यासारखे वागायला लागतो.

दुखणं ३ महिन्यांच्या वर टिकलं की प्रश्न फक्त त्या चकतीचा राहत नाही. मज्जासंस्था जास्त जागरूक होऊन बसते, साध्या हालचालीला पण धोका समजून वेदना देते. त्यात "चूक झाली तर?" ही भीती दिवसभर असेल तर पोट, जबडा, खांदे, पाठ सगळं आवळलेलं, श्वास अर्धाच. ज्या सिस्टीमला सतत धोका दिसतोय ती वेदनेचा आवाज कमी कशाला करेल? आणि वेदना शेवटी मेंदूच तयार करतो, हाड मोडल्यावरचीसुद्धा. म्हणून "मनामुळे" आणि "खरं" हे दोन वेगळे कप्पे नाहीतच. तुमची एसटी आणि मोदकांची गोष्ट मी माझ्या स्टुडंट्सना सांगणार आहे, चालेल ना?

पट्टा आणि ट्रॅक्शनबद्दल, डब्ल्यूएचओने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीच्या गाइडलाइन्स काढल्या, त्यात हे दोन्ही नेहमीच्या उपचारात देऊ नका असंच आहे. व्यायाम, दुखणं नीट समजावून सांगणं आणि सीबीटीसारखी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी) मानसिक थेरपी, यावर भर आहे. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ पेशंट्सना पट्टे दिलेत, आता नाही देत आणि त्या जुन्या पेशंट्सचं वाईट वाटतं.

रोज १० मिनिटं चाला. दुखलं म्हणून ६ वर थांबायचं नाही आणि छान वाटलं म्हणून ४० पण करायची नाहीत, दर ३-४ दिवसांनी २ मिनिटं वाढवा. चांगल्या दिवशी अख्खं घर धुऊन काढायचं आणि मग दोन दिवस आडवं पडायचं, हे तुमच्या स्वभावाच्या बायकांमध्ये मी सारखं बघते, ते थांबलं की अर्धी लढाई होते. आणि प्लीज, व्यायामाचा ताळा जुळवत बसू नका.

वऱ्हाडी_गणित

ताई तुमचं वाचून अंगावर काटा आला, जणू मीच लिहिलंय. नागपूरला शाळेत गणित शिकवतो, ७ वर्षं पाठ घेऊन हिंडलो, वर्गात बसायला वेगळी खुर्ची, गाडीत वेगळी उशी. पेपर तपासताना मार्कांची बेरीज मी ४-४ वेळा करायचो, एका पोराचा एक मार्क चुकला तर आपण नालायक, असंच आतून वाटायचं. बाबा ९६ मार्क आणले तरी आधी विचारायचे की ४ कुठे गेले, त्यांचा हेतू वाईट नव्हता पण तो प्रश्न माझ्या अंगात राहून गेला.

मला फायदा झाला तो सायकॉलॉजिस्टकडे, सीबीटी, १२ सेशन्स झाली. त्यांनी पहिल्यांदा पाठीबद्दल नाही, बेरजेबद्दल विचारलं. ठरलं असं की बेरीज दोनदाच करायची, तिसऱ्यांदा नाही, आणि आधी वहीत लिहायचं की काय वाईट होईल असं वाटतंय, मग आठवड्याने खरंच काय झालं ते लिहायचं. खोटं नाही सांगत, पहिला आठवडा पाठ जास्त दुखली, रात्री २ ला उठून गठ्ठा उघडावासा वाटायचा. तिसऱ्या आठवड्यात एका पेपरात खरंच चूक निघाली, पोरगा आला, मी दुरुस्त केली, तो थँक्यू सर म्हणून गेला. एवढंच! इतकी वर्षं ज्याला घाबरत होतो ते एवढंच होतं.

मध्ये ८ महिने सायकिॲट्रिस्टनी ड्युलोक्सेटिन दिलं होतं, ते ॲन्झायटीवर चालतं आणि जुनाट दुखण्यावर पण. मनाने सुरू करू नका आणि मनाने बंद तर अजिबात करू नका, हळूहळू कमी करत थांबवावं लागतं.

अमेरिकेत बोल्डरला एक ट्रायल झाली, २०२२मध्ये छापून आली, जुनी पाठदुखी असलेले १५१ लोक. त्यातल्या एका गटाला ४ आठवडे हेच शिकवलं की ही वेदना म्हणजे इजा नाही, मेंदूचा खोटा अलार्म आहे, भीती न बाळगता तिच्याकडे बघा. त्या गटातल्या ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा जवळजवळ गेलं, खोटं इंजेक्शन दिलेल्यांत हेच २० टक्के होतं. अर्थात दुखणं फार तीव्र नसलेले लोक होते ते, त्यामुळे सगळ्यांना लागू असं नाही म्हणत. पण मला ते वाचून पहिल्यांदा वाटलं की आपण वेडे नाही आहोत.

माझं अजून पूर्ण गेलेलं नाही. मागच्या वर्षी बाबा आयसीयूत होते तेव्हा सगळं परत आलं, ६ आठवडे. फरक इतकाच की यावेळी घाबरलो नाही, एमआरआय काढायला धावलो नाही.

पैशांची अडचण असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

रानजाई

वरचं सगळं पटतंय पण मला एक कळकळीने सांगायचंय. सगळं टेन्शनवर ढकलू नका. माझ्या बहिणीला दीड वर्ष हेच ऐकवलं, "अभ्यासाचं टेन्शन आहे, योगा कर". वय २६ तेव्हा. सकाळी उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी, पहाटे दुखून जाग यायची, आराम केला की वाढायचं आणि हिंडलं-फिरलं की कमी व्हायचं. शेवटी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताचे डॉक्टर) गेलो, निघालं अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा सुजेचा संधिवात. ती खूप अभ्यासू आहे, खूप टेन्शन घेते हे खरंच होतं, आणि आजार पण खरा होता. ४५च्या आत सुरू झालेली, ३ महिन्यांच्या वर टिकलेली आणि सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडणारी पाठ असेल तर एकदा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना दाखवाच. इतक्या वर्षांचं दुखणं आहे तर एवढं एक बघून घ्या ताई, मग निश्चिंत मनाने पुढचं करा.

पायवाट

@रानजाई +१. हे मी वर लिहायला हवं होतं. एचएलए-बी२७ (या आजारासाठी करतात ती रक्ताची टेस्ट) नुसती पॉझिटिव्ह आली म्हणून आजार आहे असं नसतं, त्यामुळे टेस्ट स्वतःहून करू नका, डॉक्टरांना ठरवू दे.

चाफा_६४

निशिगंध, मी तुझ्या आईच्या वयाची असेन म्हणून अगं-तुगं करते. मिस्टरांना हा धागा वाचायला दे. "तुला वाटतं फक्त" हे ऐकत मी वीस वर्षं काढली, त्या वाक्याने दुखणं दुप्पट होतं.

निशिगंध_सांगली

तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी, सगळ्यांचे प्रतिसाद कितीतरी वेळा वाचले.

रानजाई, तुमच्यामुळे दाखवून आले. सकाळी माझं ५-७ मिनिटंच आखडतं, ब्लड टेस्ट नॉर्मल, डॉक्टर म्हणाले त्यातलं काही नाही. धोक्याच्या खुणांपैकी पण काही नाही. @पायवाट, गोष्ट खुशाल सांगा.

रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावरून आयर्विन पुलाकडे चालत जाते, १० मिनिटांनी सुरुवात केली, आता २० झालीत. ताळा जुळला की पेन ठेवून उठायचं असं ठरवलंय, पहिले चार दिवस हात थरथरले हो अक्षरशः, आता दुसऱ्यांदा बघते पण तिसऱ्यांदा नाही. दुखणं आहे अजून, आठवड्यातले ४ दिवस तरी, पण रात्री झोप लागतेय. काउन्सेलरची पहिली अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी आहे.

चाफाताई, मिस्टरांनी धागा वाचला. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी चालायला सोबत आले आणि परत येताना म्हणाले मला माहीत नव्हतं गं.

@पायवाट, एक विचारायचंय. फळीवरची ज्वारीची ५ किलोची पिशवी खाली घ्यायला अजून छातीत धस्स होतं, ३ वर्षांत मी ती उचललेलीच नाही, मुलगाच काढून देतो. कुठून सुरू करू?

पायवाट

१ किलोच्या पुड्यापासून. रोज ५ वेळा वर ठेवायचा, ५ वेळा खाली घ्यायचा, आठवड्याने २ किलो. उचलताना श्वास रोखू नका, एवढंच बघा, पाठ सरळ आहे का वाकडी ते बघायचं नाही.