मदत हवी आहे: मंदीची चाहूल असताना शेतीसाठी दुसरे कर्ज उचलावे का?

सप्रेम नमस्कार.

मंदी येणार, अशा बातम्या गेले काही महिने सतत कानावर येत आहेत आणि त्यापायी आमच्या घरातला एक निर्णय अडून राहिला आहे, म्हणून हा धागा काढत आहे. मी कापूस आणि मका ही पिके घेतो आणि जोडीला दहा दुभती जनावरे आहेत. ट्रॅक्टरच्या कर्जाचे तीन वर्षांचे हप्ते अजून बाकी आहेत आणि त्याचा व्याजदर बदलता आहे. त्यातच ठिबक सिंचन आणि गोठ्याचा विस्तार यांसाठी मागितलेले दुसरे कर्ज आता मंजूर झाले असून ते उचलणार की नाही, हे या महिन्याच्या अखेरीस कळवायचे आहे.

माझी धास्ती केवळ बातम्यांमुळे नाही. मागच्या आठवड्यात कापूस घेऊन गेलो तेव्हा व्यापाऱ्याने नेहमीप्रमाणे मूठभर बोंडे चाचपली, चिमटीत धागा ओढून पाहिला, वजन करून पावती लिहिली आणि रकमेखाली ‘रोख’ या शब्दाऐवजी ‘सहा आठवड्यांनी’ असे लिहून, मान वर न करता ती माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांच्या व्यवहारात असे पहिल्यांदाच घडले. विचारले तर म्हणाला, सूतगिरणीकडून त्याचेच पैसे थकले आहेत. माणूस खोटे बोलणारा नाही, आणि म्हणूनच मला अधिक काळजी वाटते.

‘माणसे खायची थांबत नाहीत, तेव्हा शेतीला मंदीची झळ लागत नाही,’ असे बरेच जण धीर देताना सांगतात. अन्नधान्याच्या मागणीपुरते ते बऱ्याच अंशी खरे असेलही, पण कापसाचे तसे नाही. घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की नवे कपडे घेणे सर्वांत आधी लांबणीवर पडते. शिवाय मागणी टिकली म्हणजे भाव टिकतो असेही नाही. गार्डिनर मीन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९३५ साली मांडलेली आकडेवारी वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. महामंदीच्या काळात, म्हणजे १९२९ पासून १९३३ च्या वसंत ऋतूपर्यंत, अमेरिकेत शेतीची अवजारे बनवणाऱ्या कारखान्यांनी उत्पादन ८० टक्क्यांनी घटवले आणि त्यांच्या किमती अवघ्या ६ टक्क्यांनी उतरल्या. उलट शेतमालाचे उत्पादन जेमतेम ६ टक्क्यांनी कमी झाले आणि भाव मात्र ६३ टक्क्यांनी कोसळले. कारखान्याला यंत्रे बंद ठेवता येतात, पण आम्हाला पेरलेले पीक थांबवता येत नाही, आणि हप्ता डोक्यावर असला की भाव पडल्यावर माणूस उलट अधिकच पेरतो. तेव्हाच्याही अनेक शेतकऱ्यांनी तेच केले, म्हणून एकूण उत्पादन फारसे घटले नाही आणि भाव आणखी खाली गेले.

कर्जाची बाजू मला याहूनही अवघड वाटते. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक शेतकऱ्यांनी जमिनीच्या चढत्या किमतींच्या भरवशावर मोठी कर्जे काढली. ऑक्टोबर १९७९ पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने महागाई आवरण्यासाठी पतपुरवठा आवळला, व्याजदर भडकले आणि १९८१ नंतर जमिनीच्या किमती सलग काही वर्षे उतरत गेल्या. शेती उत्तम करणारी कुटुंबेसुद्धा त्यात जमिनीला मुकली. पीक बुडाल्यामुळे नव्हे, तर कर्जाचा आकडा तसाच राहिला आणि त्यामागचे तारण आक्रसले म्हणून. मंदीत व्याजदर सहसा उतरतात हे मला ठाऊक आहे, पण महागाई आणि मंदी हातात हात घालून आली तर बदलत्या दराच्या कर्जाचे काय होते, हे ज्यांनी भोगले असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

हिशेबाची वही माझी पत्नी ठेवते. परवा रात्री तिने दोन्ही पिकांचे भाव एक तृतीयांशाने कमी, पैसे दोन महिने उशिरा आणि व्याज दोन टक्क्यांनी जास्त, असे गृहीत धरून पुढच्या वर्षाचा ताळेबंद पेन्सिलीने मांडला. फक्त ट्रॅक्टरचे कर्ज असेल तर दुधाच्या पैशावर आम्ही कसेबसे तरतो. दोन्ही कर्जे धरली तर चौथ्या महिन्यात हातात काहीच उरत नाही. तिने त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. दुसरीकडे, ठिबक न केल्यास पाण्याचा आणि विजेचा खर्च दर हंगामात वाढतोच आहे. वडिलांचे म्हणणे आहे की वाईट काळात अंगावर जितके ओझे कमी तितके बरे. मला ते पटते, पण सुधारणा पुढे ढकलत राहिल्यानेही शेती मागे पडते, हेही मी पाहिले आहे.

गोठ्याचा विस्तार सोडून केवळ ठिबकापुरती रक्कम उचलणे, हा मधला मार्ग मला सुचतो. मंजूर कर्जापैकी थोडीच रक्कम घेतल्यास पुढे बँक हात आखडता घेते का? आणि गाठीशी असलेली थोडी शिल्लक ट्रॅक्टरच्या कर्जात आधीच भरून टाकावी, की रोख हाताशी ठेवावी? माझा कल रोख ठेवण्याकडे आहे, कारण एकदा भरलेला पैसा अडचणीच्या महिन्यात परत मिळत नाही.

खताबाबतही संभ्रम आहे. पुढे महाग होईल म्हणून आताच भरून ठेवावे, असा सल्ला मिळतो. पण २००८ साली जगाच्या बाजारात युरियासारख्या खतांचे दर वर्षाच्या मध्यात शिखरावर होते आणि वर्षअखेरपर्यंत निम्म्याहून खाली आले. चढ्या दराने साठा करणारे अडकून पडले. त्याच वर्षी कच्चे तेल जुलैमध्ये पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले आणि डिसेंबरमध्ये ४० डॉलरच्या खाली उतरले, आणि मक्यापासून बनवून पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमुळे तेलाशी बांधला गेलेला मकाही त्याच्यामागोमाग पडला. माझा निम्मा मका अजून कोठारात आहे. तो आता विकावा की थांबावे?

ज्यांनी अशा काळात प्रत्यक्ष शेती केली आहे, त्यांनी पहिला फटका कुठे बसला आणि कोणता खर्च आधी थांबवला, तेवढे जरूर सांगावे. दुधाचे पैसे त्या काळात वेळेवर येत राहिले का, हे तर नक्कीच लिहावे, कारण आमचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. बँकेला उत्तर द्यायला अकरा दिवस उरले आहेत. आणखी काही माहिती हवी असल्यास विचारावे, वही समोरच आहे.