मदत हवी आहे: 'पण'च्या आधी अर्धविराम द्यायचा की नाही?

नमस्कार मंडळी,

लेक आठवीत आहे, सेमी-इंग्रजीला. मराठीच्या बाईंनी शिकवलेला नियम असा: दोन छोटी वाक्यं 'पण', 'परंतु', 'म्हणून' अशा उभयान्वयी अव्ययाने जोडली, की पहिल्याच्या शेवटी अर्धविराम. उदाहरण नेहमीचंच, 'ढग खूप गर्जत होते; पण पाऊस पडला नाही.' तिने तोच नियम इंग्रजी निबंधात लावला आणि 'बट'च्या आधी अर्धविराम दिला. सरांनी लाल गोल करून तिथे स्वल्पविराम केला. आता ती माझ्या मागे लागलीय: चिन्ह तेच, मग एका वहीत बरोबर आणि दुसऱ्या वहीत चूक कसं?

पेपर उघडून बघितला तर तिथे 'पण'च्या आधी बऱ्याचदा काहीच नसतं. 'गड आला पण सिंह गेला' तर मी तिन्ही प्रकारे छापलेलं पाहिलंय. तिला नेमकं काय सांगू? आणि परीक्षेपुरतं नव्हे, एरवी लिहिताना अर्धविराम खरंच कुठे लागतो?

प्रतिसाद १

बाई बरोबर आणि सरही बरोबर. आजच्या इंग्रजीत 'अँड', 'बट' असा जोडशब्द असला की साधारणपणे स्वल्पविरामावर भागतं. जोडशब्द गाळून दोन पूर्ण वाक्यं शेजारी ठेवली, तर मात्र अर्धविराम हवा. तिला एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा: 'हाउएव्हर' हा 'बट'च्या रांगेतला नाही. अर्थ 'पण'चाच असला तरी ते क्रियाविशेषण आहे, त्यामुळे दोन वाक्यांच्या मध्ये ते आलं की त्याच्या आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम. मराठी माध्यमातली मुलं इथे हमखास अडकतात.

प्रतिसाद २

थोडं मागे जाऊ. मोडीत तर शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत, विरामचिन्हं कुठून असणार! ती मराठीत रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात होते तेच. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत 'बट'च्या आधी सर्रास अर्धविराम दिसतो. पुढे इंग्रजीने ती सवय सैल केली, आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत ती तशीच राहिली. म्हणजे लेकीने केलं ते दीडशे वर्षांपूर्वी खपून गेलं असतं. सरांना सांगू नका एवढंच.

प्रतिसाद ३

मुद्रितशोधन करते, म्हणून व्यवहारातलं सांगते. शाळेत आणि स्पर्धा परीक्षेत बाईंचाच नियम, तिथे वाद घालू नये. एरवी मी एकच तपासते: चिन्हाच्या दोन्ही बाजूंचं वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहतं का? 'पाऊस पडला, तर सहल रद्द' यात पहिला भाग लटकता आहे, तिथे अर्धविराम कधीच नाही. 'दादा शेतात राबला; धाकटा गावभर हिंडला' इथे मात्र तो शोभतो, कारण 'आणि' किंवा 'पण' न लिहिताही दोघांतला फरक कळतो. तिथे स्वल्पविराम लिहिला तर वाक्य घाईत वाटतं, पूर्णविराम दिला तर दोघांची तुलनाच तुटते.

दुसरी जागा म्हणजे ज्या यादीत आधीच स्वल्पविराम आहेत ती. सहलीच्या पत्रकात 'मुक्काम महाड, रायगड, चिपळूण, रत्नागिरी' असं लिहिलं, तर पालक रायगड किल्ला धरून चार मुक्काम मोजतील. 'महाड, जि. रायगड; चिपळूण, जि. रत्नागिरी' लिहा, दोनच उरतात. माझ्या मते अर्धविरामाचा सगळ्यात रोकडा उपयोग हाच.

छोट्या वाक्यात 'पण'च्या आधी काहीही न देणं मला चालतं. 'आला पण बसला नाही' यात अर्धविराम घातला तर उगाच ठेच लागल्यासारखं होतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. 'हाउएव्हर'चं लगेच वहीत लिहून घेतलं तिने. आता नवीन प्रश्न: 'म्हणून'ला बाईंचा नियम लागतो, मग 'कारण'लाही लागतो का? दोन गाइडांत दोन उत्तरं आहेत. मुद्रितशोधनवाल्या ताई, तुम्ही काय करता?