मदत हवी आहे: दुर्बीण चांगली, पण ट्रायपॉड लटपटतो (ठाणे, घोडबंदर रोड)

वाघबीळकर:
नमस्कार मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच माफ करा.

बाबांच्या पंचाहत्तरीला आम्ही भावंडांनी मिळून दुर्बीण घेतली. ८० मिलिमीटरचं भिंग, ९०० मिलिमीटर नाभीय अंतर, सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे आयपीस (डोळ्याकडची भिंगं), नुसतं वर-खाली आणि डावं-उजवं फिरणारं साधं माउंट, ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड. चंद्र सुरेख दिसतो. चंद्रावर कोणाचीच तक्रार नाही. भांडण गुरूवरून आहे.

२५चा आयपीस लावला की गुरू म्हणजे मोहरीएवढा गोळा आणि शेजारी चार चंद्र. ठीक आहे. १०चा लावला (म्हणजे ९० पट) की गुरू थरथरायला लागतो. फोकसच्या नॉबला बोट लागलं की थरथर, वाऱ्याची झुळूक आली की थरथर. शांत होईपर्यंत मी मोजलं, सहा ते सात सेकंद. तोवर गुरू सरकत सरकत कडेला गेलेला असतो, कारण या आयपीसमधून तो मधोमध असला तर साधारण मिनिटाभरात बाहेरच जातो. मग पुन्हा नळी ढकला, पुन्हा सहा-सात सेकंद थांबा. तासाभरात बघणं पाच मिनिटांचं, बाकी सगळी वाट बघणं.

बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. त्यांनी ट्रायपॉडचा पाय धरून हलवला आणि म्हणाले, "हे बसवलेलं नाही, उभं केलंय." विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, या किमतीत असंच असतं.

एक अडचण आधीच सांगते. पाय पूर्ण आत घेऊन खाली बसून बघा, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, जमिनीवर बसणं शक्य नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघतात, म्हणून पाय पूर्ण लांब करावे लागतात. जागा आमच्या सात मजली इमारतीची गच्ची. नवीन महागडं स्टँड सध्या घ्यायचं नाही. काही घरगुती उपाय?

गच्चीवरचा:
पहिला प्रश्न, हलतं की उकळतं? अख्खा गुरू इकडून तिकडे झुलत असेल तर दोष स्टँडचा. गुरू जागेवर आहे पण त्याची कड पाण्याखालच्या नाण्यासारखी लहरते असं असेल तर ती हवा. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडतो, त्यावर ट्रायपॉडचा काहीच इलाज नाही.

वाघबीळकर:
झुलतो. लहरतोही थोडा, पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

नेरुळकर:
पायांत वाळू भरा. माझ्या भावाने भरली होती, फरक पडला.

लेथवाला:
वाळू चालते, पण ताई घाई करू नका. बाहेरच्या पोकळ पायात भरली तर आतला पाय सरकणार कुठे? भरायची तर खालच्या बारीक पायात, चाळून, कडकडीत वाळवून. खाडीची वाळू अजिबात नको, खारटपणाने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आणि वाळू हा शेवटचा उपाय. आधी प्ले, म्हणजे सांध्यांमधला ढिलेपणा, काढा.

तुमचे वडील फिटर आहेत म्हणून त्यांच्या भाषेत सांगतो. नळी साधारण मीटरभर, मध्यावर धरलेली. म्हणजे टोक मध्यापासून ४५ सेंटिमीटरवर. ते टोक दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर हललं, तर आकाशात गुरू स्वतःच्या अडीच व्यासांइतकी उडी मारतो. दहा थाऊ! कारखान्यात एवढा प्ले असलेला जॉब परत पाठवतात. तुमच्या स्टँडला पायाच्या बिजागरीत, मधल्या ट्रेच्या काड्यांत आणि पाय लांब करायच्या क्लिपमध्ये, तिन्ही ठिकाणी तो आहे.

पाय जिथे वर हेडला जोडले आहेत तिथले बोल्ट काढा. विंग नट असतील तर टाकून द्या, त्याजागी दोन्ही बाजूंना रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप ढिला न होणारा). पाय हाताने उघडताना थोडा जोर लागला पाहिजे, सुळकन उघडता कामा नये. हेड प्लास्टिकचं असेल तर पाना जपून, तडा गेला की खेळ संपला. मग पाय पूर्ण फाकवून मधला ट्रे घट्ट बसवा. ट्रेच्या काड्या ढिल्या असतील तर तीन पाय तीन दिशांना वागतात.

कोलशेतची काकू:
फोकसच्या नॉबला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. नॉब धरायचा नाही, चिमट्याचं टोक एका बोटाने ढकलायचं. हात थरथरला तरी नळीपर्यंत पोचत नाही. आमच्याकडे निळा चिमटा कायमचा दुर्बिणीलाच आहे.

गच्चीवरचा:
आता मूळ मुद्दा. पायाची लांबी ही तुमची खरी दुश्मन आहे. एका टोकाला धरलेली पट्टी लांब केली की ती लांबीच्या घनाच्या प्रमाणात लवचीक होते. पाय आत असताना ७० सेंटिमीटर आणि पूर्ण बाहेर १२० असतील, तर ढोबळ हिशेबाने लवचीकपणा पाचपट. त्यात बाहेर येणारा भाग बारीक, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून वाईट. ७०चे ९० केले तर जेमतेम दुप्पट. म्हणून वीतभर काढा, त्याहून जास्त नाही.

उरलेली उंची पायांतून घेऊ नका, पायाखालून घ्या. बांधकामाचे हलके ब्लॉक मिळतात ना, राखाडी-पांढरे, ज्यांना सगळे सिपोरेक्स म्हणतात, ६०० बाय २०० बाय २००चे? तीन आणा, आडवे ठेवा, प्रत्येक पायाखाली एक. वीस सेंटिमीटर तिथेच मिळाले, आणि दगडासारखे घट्ट. ब्लॉक कोरायला मात्र मऊ असतो, त्यावर स्क्रू ड्रायव्हरने बोटभर खळगा कोरा आणि पायाचं रबर त्यात बसवा. हे टाळू नका. अंधारात पाय ब्लॉकवरून घसरला तर दुर्बीण वडिलांच्या अंगावर.

खाली ट्रेच्या मध्यापासून पाण्याचा पाच लिटरचा कॅन लटकवा. पण लोंबकळता ठेवू नका, वाऱ्यात तो स्वतःच लंबकासारखा झुलतो. दोरी एवढीच ठेवा की कॅन जमिनीला टेकेल न टेकेल.

आणि गुरू डोक्यावर यायची वाट बघू नका. या वर्षी (२०२६) १० जानेवारीला तो प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला होता, मिथुन राशीत आहे, ठाण्याहून मध्यरात्रीच्या आसपास जवळजवळ माथ्यावर येतो. नळी सरळ वर केली की आयपीस सगळ्यांत खाली जातो आणि खुर्चीवरून वाकावं लागतं. आता जानेवारीअखेर तो रात्री आठच्या सुमारास पूर्वेला अर्ध्या आकाशात असतो. तेव्हा बघा, आयपीस आपोआप वर येतो.

नेरुळकर:
वॉशिंग मशीनखाली ठेवतात ते रबरी पॅडसुद्धा ठेवून बघा.

लेथवाला:
प्ले काढल्यावर. आधी ठेवले तर सगळंच मऊ होईल.

वाघबीळकर:
आठवड्याने लिहितेय. आमच्याच विंगमध्ये एका फ्लॅटचं काम चालू आहे, उरलेले तीन ब्लॉक मागून घेतले. लिफ्टने गच्चीवर नेले. बाबांनी बोल्टचं काम दुसऱ्या कोणालाही करू दिलं नाही. गावदेवी बाजारातून वॉशर आणायला मला पाठवलं, आणलेले परत पाठवले, "हे पातळ आहेत." दुसरे आणले. रविवारी दुपारभर जेवणाच्या टेबलावर पाय पसरलेले होते, आईचा चेहरा बघण्यासारखा होता. खळगे त्यांनी मोजून कोरले, तिन्ही सारख्या खोलीचे. मी म्हटलं, कशाला इतकं, तर नुसतं चष्म्यावरून बघितलं.

काल रात्री सव्वाआठला लावलं. पाय वीतभरच बाहेर, कॅन जमिनीपासून बोटभर वर, चिमटा लावला (आमचा गुलाबी आहे, काकू). नळीला टिचकी मारली आणि मोजलं. दोन सेकंद, कधी अडीच. बाबांनी स्वतः तीन वेळा टिचकी मारून बघितली.

नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन पट्टे आहेत बघ, वरचा जरा गडद." दोन सेकंदांत एवढं सगळं दिसतं हे मला माहीतच नव्हतं, कारण आधी तेवढा वेळ तो थांबतच नव्हता.

एक गोष्ट राहिली. मधूनच, काही कारण नसताना, सगळं एकदम थरथरतं आणि शांत होतं. ना कोणी हात लावलेला, ना वारा. हे काय असावं?

गच्चीवरचा:
लिफ्टची मशीन रूम गच्चीवर आहे का?

वाघबीळकर:
आहे. आम्ही तिच्या भिंतीला लागूनच लावली होती, वारा अडतो म्हणून.

गच्चीवरचा:
तेच. कोणी लिफ्ट बोलावली की स्लॅब हलतो. जमेल तितकं दूर, दुसऱ्या टोकाला जा. एखाद्या खांबाच्या डोक्यावर, म्हणजे जिथे खाली कॉलम येतो तिथे लावा, स्लॅबच्या मधोमध नको. तिथे कोणी नुसतं चाललं तरी कळतं. घरच्यांनाही सांगा, बाबा आयपीसला असताना येरझाऱ्या नकोत.

वाघबीळकर:
आज त्या टोकाला हलवते. ब्लॉक उचलायला भाऊ येईल. सेक्रेटरींनी सकाळी विचारलं की गच्चीवर हे कोणी ठेवलंय, काढून टाका. आईने तोवर तिन्हीवर तुळशीच्या कुंड्या नेऊन ठेवल्या आहेत.