खुब्याचा एक्स-रे ‘नॉर्मल’ आला, आता मेटिंगला हरकत नाही ना?

काळी_लॅब:
लॅब्रॅडॉर मादी, वय १५ महिने. माज संपून १२ दिवस झाले तेव्हा खुब्यांचा एक्स-रे काढला. गुंगी दिली नव्हती, दोघांनी धरून ठेवलं होतं. पाय मागे ताणून एकच फिल्म घेतली. डॉक्टरांच्या मते खुबे नॉर्मल आहेत. चालणं, धावणं, उड्या, सगळं व्यवस्थित. पुढच्या माजाला लावायचा विचार आहे, नराचा ओएफए रिपोर्ट ‘गुड’ आहे (ओएफए म्हणजे फिल्म पाहून हिप डिस्प्लेझिया, म्हणजे खुब्याचा सांधा सैल-उथळ असण्याचा दोष, तपासून ग्रेड देणारी अमेरिकन संस्था). एवढ्यावर पुढे जावं का? की फिल्म ग्रेडिंगला पाठवावी?

गुंगीवाला:
ही फिल्म पाठवू नका, नवीन काढा. कारणं दोन. एक म्हणजे वेळ चुकली. माजाच्या आसपास संप्रेरकांमुळे काही माद्यांचे सांधे सैल दिसतात, म्हणून माजाच्या आधी आणि नंतर ३-४ आठवडे सोडायचे. पिल्लांचं दूध तोडल्यावरही तेवढंच थांबायचं. दुसरं कारण गुंगीचं. ओएफए ती सक्तीची करत नाही, शिफारस करते. पण जागं कुत्रं मांड्या आवळतं आणि आवळलेले स्नायू मांडीच्या हाडाच्या गोळ्याला कंबरेच्या हाडातल्या खोबणीत दाबून धरतात. म्हणजे तुमच्या फिल्ममध्ये एक चूक खुबे वाईट दाखवणारी आणि दुसरी चांगले दाखवणारी. कोणती किती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

नवीन फिल्म हातात आली की खुब्यांकडे पाहण्याआधी कंबरेच्या हाडाकडे पाहा. खालच्या भागात दोन अंडाकृती भोकं दिसतात. ती सारख्या आकाराची हवीत, वरची दोन्ही पंखांसारखी हाडंही सारख्याच रुंदीची. एका बाजूचं भोक बारीक आणि त्याच बाजूचा पंख रुंद असेल तर कुत्री कलंडली होती. अशा फिल्ममध्ये एक खोबण आहे त्यापेक्षा खोल दिसते, दुसरी उथळ. मग मांडीची हाडं: एकमेकांना समांतर, आणि गुडघ्याच्या वाट्या हाडाच्या बरोब्बर मधोमध. वाटी बाजूला सरकली असेल तर पाय नीट आत वळवलेला नाही. हे सगळं जमलं तरच खुब्यांवर बोलायचं. गोळ्याचा निम्म्याहून जास्त भाग खोबणीने झाकलेला हवा आणि दोघांमधली फट एकसारखी बारीक. आतल्या बाजूला ती पाचरीसारखी रुंद होत असेल तर गोळा बाहेर सरकतोय. गोळ्याच्या मानेवर जादा हाडाची रेघ किंवा कडांना खडबडीतपणा म्हणजे झीज सुरू झाली.

मायक्रोचिप नंबर, तारीख आणि डावी-उजवीची खूण फिल्म घेतानाच तिच्यावर उमटवून घ्या. नंतर पेनने लिहिलेलं चालत नाही.

ढिला_सांधा:
वरचं सगळं मान्य, पण ताणलेल्या पायांच्या फिल्मची एक अंगभूत मर्यादा आहे. पाय मागे ओढले की सांध्याभोवतीचं आवरण पिळलं जातं आणि तेच गोळ्याला आत खेचतं. सैल सांधासुद्धा त्या स्थितीत घट्ट दिसू शकतो. ओएफएत ‘गुड’ आलेल्या कुत्र्यांतही सैलपणा निघतो तो यामुळेच.

सैलपणा मोजायचा असेल तर पेनहिप ही वेगळी एक्स-रे पद्धत. खोल गुंगी किंवा पूर्ण भूल सक्तीची, तीन फिल्म: एक ताणलेली, एक गोळे आत दाबून, आणि एक मांड्यांमध्ये खास उपकरण ठेवून गोळे बाहेर ढकलून. त्यावरून निर्देशांक काढतात. ०.५० म्हणजे गोळा स्वतःच्या त्रिज्येच्या निम्म्याइतका बाहेर सरकला. ०.३० किंवा कमी असेल तर पुढे संधिवाताची शक्यता फार कमी. ब्रीडिंगसाठी निदान आपल्या ब्रीडच्या घट्ट निम्म्यातली मादी असावी. १६ आठवड्यांपासून करता येतं, म्हणजे कोणतं पिल्लू ठेवायचं हे लवकर ठरवता येतं. मात्र प्रशिक्षण घेतलेला डॉक्टरच लागतो.

आणि ‘चालते-धावते’ हा पुरावा मुळीच धरू नका. तरुण, दणकट स्नायूंच्या कुत्र्यात सैल खुबा वर्षानुवर्षं लपून राहतो.

काळी_लॅब:
म्हणजे १५ महिन्यांत ओएफए ग्रेड मिळणारच नाही? आणि नराचं ‘गुड’ म्हणजे एफसीआयचं (आंतरराष्ट्रीय श्वान-संघटनेचं) कितवं?

वंशवेल:
प्राथमिक मत ४ महिन्यांपासून मिळतं, कायमचा नंबर २४ महिने पूर्ण झाल्यावरच. त्यामुळे पुढचा माज सोडावा लागेल, आणि तो सोडावाच. तीन रेडिओलॉजिस्ट स्वतंत्रपणे फिल्म वाचतात. ग्रेड सात: एक्सलंट, गुड, फेअर हे पास. बॉर्डरलाइन मधला. माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर नापास. एफसीआयमध्ये ए (सर्वांत चांगली) ते ई, किमान वय १२ महिने, मोठ्या अंगाच्या ब्रीडना १८. ‘गुड’ साधारण ए मध्ये बसतं, पण पद्धती वेगळ्या आहेत, गणितासारखं रूपांतर करू नका. ब्रिटिश पशुवैद्यक संघटनेच्या बीव्हीए पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण, एकूण १०६, जितके कमी तितकं चांगलं. तिथे नुसती बेरीज पाहून फसू नका: ६ आणि ६ वेगळे, ० आणि १२ वेगळे.

माझ्या मते खरी माहिती भावंडांत असते. हिप डिस्प्लेझिया हा दोष अनेक जनुकांचा आहे, एखादी डीएनए चाचणी एक्स-रेची जागा घेत नाही. चांगल्या खुब्यांची मादी, पण तिच्या सात भावंडांपैकी तीन नापास, अशी मादी मी घेणार नाही. तिच्यापेक्षा सगळी भावंडं पास असलेली ‘फेअर’ बरी. ओएफएच्या यादीत मात्र नापास निकाल मालकाने परवानगी दिली तरच दिसतो, आणि खराब दिसलेली फिल्म बरेच जण पाठवतच नाहीत. म्हणून यादीत कोण आहे यापेक्षा कोण गायब आहे ते मोजा. पेनहिपमध्ये घेतलेली प्रत्येक फिल्म पाठवावीच लागते.

खाणंपिणं, वजन, गुळगुळीत फरशी यांनी त्रास कमी-जास्त होतो, हे खरं. पण पिल्लांना जनुकं जातात, बारीक कंबर नाही. आणि लहानपणी कंबरेच्या हाडाची वाढ रोखणारी शस्त्रक्रिया (साधारण १२ ते २० आठवड्यांत करतात) झालेलं कुत्रं ब्रीडिंगला बादच. त्याच्या खोबणी शस्त्रक्रियेने खोल झालेल्या असतात, फिल्म सुंदर येते.

नराच्या कागदावर ग्रेडचं नाव वाचून थांबू नका, पूर्ण नंबर मागा. त्याचा साचा असा: एलआर, अनुक्रमांक, मग जी२८एम-व्हीपीआय. एलआर म्हणजे लॅब्रॅडॉर, जी म्हणजे गुड, २८ हे फिल्म काढतानाचं वय महिन्यांत, एम नर. शेवटचं व्हीपीआय म्हणजे डॉक्टरने मायक्रोचिप किंवा टॅटू तपासून खात्री केली. तिथे एनओपीआय असेल तर फिल्म याच नराची आहे याला पुरावा नाही.