मदत हवी आहे: एका आउटेजनंतर (साइट बंद पडल्यानंतर) टीमने डिप्लॉय करणंच कमी केलंय, यातून बाहेर कसं पडावं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण मागचंपुढचं माहीत नसेल तर उत्तर देणं तुम्हालाच अवघड जाईल, म्हणून सगळं लिहिते.

आमच्या टीममध्ये चौदा डेव्हलपर आहेत आणि आम्ही दोघं ‘डेव्हऑप्स टीम’. कोड ते लिहितात, प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू साइटवर, आम्ही नेतो (हाच डिप्लॉय), रात्री अलर्ट वाजला की फोन आमचाच. २००९ मध्ये पॅट्रिक डेब्वा यांनी बेल्जियममधल्या घेंटला पहिलं ‘डेव्हऑप्सडेज’ संमेलन भरवलं, ते डेव्हलपर आणि ऑपरेशन्सवाले (सिस्टिम चालू ठेवणारे) यांच्यातली भिंत पाडण्यासाठी. आमच्याकडे त्याच नावाने नवी भिंत उभी राहिली आणि मी तिच्यातच आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरी आठवड्यातून चार-पाच डिप्लॉय व्हायचे, छोटे छोटे. गाडी बरी चालली होती.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी साडेअकराला एक डिप्लॉय केला. पाइपलाइन हिरवी, म्हणजे आपोआप होणाऱ्या सगळ्या तपासण्या पास. बदल एवढाच की पोस्टग्रेसमधल्या (आमच्या डेटाबेसमधल्या) ऑर्डर्सच्या टेबलला एक नवा कॉलम, नल चालणारा, म्हणजे रिकामा राहिला तरी चालणारा. असं अल्टर टेबल (टेबलची रचना बदलणारी आज्ञा) एरवी डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पण नेमका तेव्हाच एक मोठा रिपोर्ट त्या टेबलवरून वाचत होता. अल्टरला अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो (तेवढा वेळ टेबल दुसऱ्या कुणालाच वापरता येत नाही), तो रिपोर्ट संपेपर्यंत मिळेना, आणि अल्टर रांगेत थांबलं म्हटल्यावर मागून येणारी साधी सिलेक्टसुद्धा (नुसती वाचणारी क्वेरी) त्याच्यामागे अडकायला लागली. कनेक्शन पूल (डेटाबेसशी एका वेळी ठेवता येणाऱ्या जोडण्या) भरला, साइट बंद. सीपीयू मात्र निवांत, त्यामुळे पहिली दहा मिनिटं आम्ही नेटवर्कमध्येच शोधत बसलो. शेवटी पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी (डेटाबेसवर आत्ता काय चाललंय ते दाखवणारी यादी) उघडलं तर लॉकची वाट बघणाऱ्या क्वेरींनी स्क्रीन भरलेला. ते अल्टर रद्द केलं, सगळं सुटलं. एकूण २६ मिनिटं. स्टेजिंगवर (चाचणीसाठीच्या साइटवर) हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे तो रिपोर्ट चालत नाही.

यावरचा तांत्रिक इलाज केला आहे. प्रत्येक मायग्रेशनला (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या अशा कोडला) आता ३ सेकंदांचा लॉक टाइमआउट आहे, लॉक नाही मिळाला तर मायग्रेशन माघार घेतं आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं. त्याबद्दल विचारायचं नाहीये.

विचारायचंय ते नंतर जे झालं त्याबद्दल. आमच्या आरसीएच्या (घटनेचं मूळ कारण शोधण्याच्या) फॉर्ममध्ये ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना आहे. तिथे मायग्रेशन लिहिणाऱ्या मुलाचं नाव गेलं. त्याला नोकरीला लागून नऊ महिने झालेत. त्याच्या कोडला ओके मी दिला होता, डिप्लॉयचं बटण मी दाबलं होतं, पण फॉर्ममध्ये नाव त्याचं. आता तो दोन ओळींचा बदल मर्ज करण्याआधीही (मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधीही) चॅटवर तीन-तीनदा विचारतो, “ताई, हे चालेल ना?” आणि हे त्याच्यापुरतं राहिलेलं नाही. मागच्या आठवड्यात एका सर्व्हरची डिस्क भरत चालल्याचं एकीला दुपारी दिसलं होतं, तिने संध्याकाळी सांगितलं. का थांबलीस विचारलं तर म्हणाली, “आधी माझ्यामुळे नाही ना, ते बघत होते.”

शिवाय डिप्लॉय आता पंधरा दिवसांतून एकदा, तीन जणांच्या मंजुरीनंतर. तसल्या पहिल्याच रिलीजमध्ये ३७ बदल एकदम गेले. काहीतरी मोडलं, आणि कोणत्या बदलाने मोडलं ते शोधायला चार तास लागले. आधी एका वेळी एक-दोन बदल जायचे, रोलबॅक (बदल मागे घेणं) पाच मिनिटांत व्हायचा.

आमचे मॅनेजर वाईट नाहीत, घाबरलेले आहेत. ते नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर व्यवहारांच्या कंपनीचं उदाहरण देतात: १ ऑगस्ट २०१२, आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहिला, आणि ४५ मिनिटांत सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. दुसऱ्या कुणी ते काम तपासलं नव्हतं हेही चौकशीत निघालं होतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. पण तिथे कोड हाताने टाकला जात होता. आमच्या तीन मंजुऱ्या देणारे फक्त शीर्षक वाचतात, मायग्रेशनची फाइल तिघांपैकी एकही उघडत नाही. मी गिटलॅबचं (कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीचं) उदाहरण दिलं. २०१७ च्या जानेवारीत त्यांच्या इंजिनिअरकडून चालू डेटाबेस पुसला गेला, सुमारे सहा तासांचा डेटा गेला, आणि त्यांनी जाहीर अहवालात बॅकअप का चालत नव्हते याचाही मुळापासून शोध घेतला. मॅनेजर म्हणाले, “त्यांना परवडतं.”

बुधवारी या विषयावर मीटिंग आहे. माझ्या मनात दोन गोष्टी आहेत. तो रकाना काढून तिथे ‘कोणत्या तपासणीत हे सापडायला हवं होतं’ असा रकाना आणायचा. आणि एरर बजेट मांडायचं: ९९.९ टक्क्यांचं लक्ष्य धरलं तर ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा मिळते. त्या महिन्यात आमची २६ गेली, १७ उरली होती. उरलेली असतील तोवर रोज डिप्लॉय, संपली की थांबायचं. भीतीला निदान आकडा तरी मिळेल.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा: वरिष्ठांना हे बजेट कसं पटवलंत? संपल्यावर खरंच थांबलात का? आणि डेव्हलपरना ऑन-कॉलमध्ये (अलर्ट वाजला की फोन घ्यायच्या पाळीत) आणताना ती शिक्षा वाटू नये म्हणून सुरुवात कशी केलीत? मला वाटतं आधी काही आठवडे आमच्यासोबत जोडीने, दिवसाची पाळी. पण चौदांपैकी नऊ जण आत्ताच नको म्हणतात, आणि सध्याच्या वातावरणात मला ते समजतं.

भर: खाली एकांनी विचारलंय की डेव्हलपरना प्रॉडक्शनचे लॉग (चालू सिस्टिमच्या नोंदी) दिसतात का. नाही दिसत, परवानगी फक्त आम्हा दोघांना आहे. हे लिहायचं राहूनच गेलं होतं, आणि ऑन-कॉलच्या आधी हेच सोडवायला हवं, तुमचं बरोबर आहे. नुसता वाचण्यापुरता अ‍ॅक्सेस द्यायचा तर लॉगमधले ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते झाकावे लागतील. ते तुम्ही अ‍ॅप्लिकेशनमध्येच करता, की लॉग गोळा करताना?