शब्दचर्चा: लसीकरणाच्या कचऱ्याची 'विल्हेवाट'

प्रश्न, धडगावहून

उपकेंद्राच्या भिंतीवर पाटी लावायची आहे. नमुन्यात वाक्य आहे, 'लसीकरण सत्रातील जैव-वैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट लावावी.' पाड्यावर मदतनीस बाई त्याचा सरळ अर्थ घेतात, अंगणवाडीमागे खड्डा काढून सगळं पेटवून देतात. 'विल्हेवाट'ला दुसरा शब्द आहे का? आणि सुयांसाठी 'तीक्ष्ण वस्तू' लिहावं की 'धारदार'?

उत्तर, चोपड्याहून

ताई, 'विल्हेवाट' शब्द मुळात चांगला आहे. 'विल्हेस लावणे' म्हणजे नीट व्यवस्था लावणे, जे ते जागच्या जागी घालणे. पण आता पेपरात मृतदेहाची विल्हेवाट, पुराव्याची विल्हेवाट असंच वाचायला मिळतं, त्यामुळे 'नाहीसं करणं' एवढाच अर्थ डोक्यात बसलाय. मदतनीस बाईंनी तोच घेतला, त्यात त्यांची चूक नाही. पाटीवर शब्द सुधारत बसण्यापेक्षा सरळ क्रियापदं लिहा: कापा, वेगळं टाका, परत आणा.

'परत आणा' सगळ्यात मोठ्या अक्षरात. पाड्यावर काहीच संपवायचं नसतं. कॅरिअरसोबत, म्हणजे लस नेण्याच्या थंड पेटीसोबत, गेलेल्या सामानाचा कचरा कॅरिअरसोबतच पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) यायला हवा.

'कापा' म्हणजे काय, तेही एकदा करून दाखवा. एडी सिरिंजचा (एकदाच वापरता येणाऱ्या सिरिंजचा) दट्ट्या एकदा दाबला की अडकतो, पुन्हा भरता येत नाही. तरी टोचून झाल्या झाल्या, टोपण परत न लावता, हब कटरमध्ये (सुई कापायच्या हातयंत्रात) घालून सुई बुडाच्या प्लास्टिकसकट कापायची. सुई कटरच्या डब्यात पडते, तिथून पुढे ती आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते. उरलेली प्लास्टिकची नळी लाल पिशवीत, काचेच्या रिकाम्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात. वरचं वेष्टन आणि टोपण हा मात्र साधा कचरा, तो लाल पिशवीत कोंबू नका. लाल पिशवीतलं प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात जाऊ शकतं, म्हणून ती पिशवी स्वच्छ वेगळी राहायला हवी.

पेटवण्याबद्दल मला फार कळकळीनं सांगायचंय. प्लास्टिक जळून जातं, सुई जळत नाही. राखेत ती तशीच टोकदार राहते, आणि त्या राखेवरून अनवाणी पोरं जातात. न कापलेली सिरिंज पोरांच्या हाती लागली तर ती तिच्याशी खेळायला लागतात, होळीच्या दिवसांत तर हमखास.

'तीक्ष्ण' की 'धारदार', तर दोन्ही अपुरे. 'धारदार'नं विळा-कोयता डोळ्यांपुढे येतो, 'तीक्ष्ण' तर बुद्धीलाही लागतो आणि नजरेलाही. सुई टोकदार असते, फुटलेली बाटली धारदार. मी 'टोचणारं-कापणारं' लिहीन. ऐकताक्षणी हात मागे घेतला पाहिजे, असाच शब्द हवा.

उत्तर, धुळ्याहून

पाटीवर सोपं लिहा, पण रजिस्टरला 'जैव-वैद्यकीय कचरा' हाच शब्द ठेवा. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत तो आहे, आणि त्या नियमांच्या कक्षेत लसीकरण शिबिरंही नाव घेऊन घातलेली आहेत. 'आमचं काय, आम्ही दवाखाना थोडाच आहोत' असं कोणी म्हणालं तर दाखवायला उपयोगी पडतं. बोलताना 'दवाखान्याचा कचरा' म्हटलं तरी चालेल. 'जैविक कचरा' मात्र टाळा, लोकांना पालापाचोळा वाटतो.

पुन्हा धडगावहून

आभारी आहे. एक राहिलं. उघडलेल्या, अर्ध्या उरलेल्या बाटलीला 'कचरा' म्हणायचं का? इथे काही जणी सत्र संपताच सगळ्याच बाटल्या टाकून देतात.

उत्तर, चोपड्याहून

नाही, तिला 'उरलेली लस' म्हणा. हा फरक शब्दातच दिसायला हवा. पेंटाव्हॅलंटसारख्या (पाच रोगांवरच्या एकत्रित) लसीची उघडलेली बाटली, थंड साखळी सांभाळली असेल, म्हणजे ती सतत थंड राहिली असेल, आणि बाटलीवरच्या उष्णता दाखवणाऱ्या खुणेतला चौकोन भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल, तर २८ दिवसांपर्यंत चालते. उघडल्याची तारीख-वेळ तिच्यावर लिहिलेली हवी. ती फेकली तर चांगली लस वाया गेली. बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि गोवर-रुबेलाचं वेगळं. ती द्रावक घालून पातळ केल्यापासून ४ तासांच्या आत वापरायची, नंतर कोणाला द्यायची नाही. पण तीही पाड्यावर फेकायची नाही. एखाद्या बाळाला त्रास झाला तर तपासायला बाटली हवी, म्हणून ती पीएचसीला नेऊन ४८ तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत, जे आधी येईल तोवर, वेगळी ठेवतात. तिला 'राखून ठेवलेली' म्हणा. शीतपेटीत दोघींचे खण वेगळे करा आणि चिठ्ठी लावा, नाहीतर घाईत राखून ठेवलेली बाटली पुन्हा वापरात येईल.

अहिराणी भागात तोंडी सांगताना बाया विचारतात, 'ह्या सुया कोठे टाकतस?' तेव्हा डबा हातात धरून दाखवायचा. पाटी वाचता न येणारीसाठी पाटीवरच लाल, पांढरा, निळा असे तीन ठसठशीत चौकोन रंगवा आणि त्यांच्याखाली अनुक्रमे नळी, सुई, बाटली अशी चित्रं काढा. तुमच्याकडे पावरी बोलणाऱ्या आशाताई असतील, त्यांच्याकडून मजकूर आधी वाचून घ्या.